जेवणाचं बिल कुणी भरलं?

भारतातल्या डॉक्टरांवर तोंडसुख घेणं हा आपला, अमेरिकेतल्या मराठी माणसांचा, आवडता उद्योग. पुण्याहून आईचा फोन येतो, नवी गोळी सुरू झाल्याचं कळतं आणि आपण म्हणतो, "कंपनीनं बँकॉकला नेलं असेल त्याला!" असेलही. पण तुम्ही इथे रोज जी गोळी घेता, ती लिहून देणाऱ्याचं काय?

ते दोन मिनिटांत कळतं. २०१० च्या कायद्यानुसार इथल्या औषध आणि उपकरण कंपन्यांना डॉक्टरांना दिलेलं मानधन, जेवण, प्रवासखर्च सरकारला कळवावा लागतो. २०१४ पासून ही माहिती 'ओपन पेमेंट्स' या सरकारी संकेतस्थळावर सर्वांना खुली आहे. डॉक्टरचं नाव टाका. कंपनी, रक्कम, कारण, सगळं समोर येतं. तुम्ही कधी टाकलंत? मीही कोलेस्टेरॉलची महागडी गोळी चार वर्षं गिळल्यावर टाकलं. मोठी रक्कम एकही नव्हती. जेवणांची मात्र रांग होती.

"सँडविचसाठी कोण विकलं जातं?" आपल्यातले डॉक्टर हसून विचारतात. २०१६ साली 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये मेडिकेअरच्या नोंदींवरचा एक अभ्यास आला. ज्यांनी कंपनीचं एकच जेवण घेतलं होतं, तेही सरासरी वीस डॉलरच्या आतलं, ते डॉक्टरही त्या कंपनीचं ब्रँडेड औषध इतरांपेक्षा जास्त लिहीत होते. जेवणामुळेच लिहिलं, असं यातून सिद्ध होत नाही, हे मान्य. पण कंपन्या काही अन्नछत्र चालवत नाहीत. उपयोग नसता, तर हे डबे केव्हाच बंद झाले असते.

आता आईच्या डॉक्टरकडे वळा. दवाखान्यात पेशंटांच्या शेजारी बॅग घेऊन बसलेला एमआर तिला रोज दिसतो. २०२४ च्या आचारसंहितेनं भेटवस्तूंना मनाई केली आहे. पण कंपनीविरुद्ध तक्रार ऐकणार कोण? औषध कंपन्यांच्याच संघटनेची समिती! आणि डॉक्टरचं नाव टाकून बघता येईल अशी यादी तिथे नाहीच. तिथल्या डॉक्टरला शिव्या देण्यापेक्षा ही यादी मागायला आपण आवाज का चढवत नाही?

आणि इथे यादी आहे, तर आज रात्री बघा. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. पुढच्या भेटीत एवढंच विचारा: "जेनेरिक असताना हीच का?"