नागाच्या खोलीतून बाहेर कोण आले?

आधुनिक फारसी कथात्म साहित्याच्या विरचनेवर आमच्याकडे येणारे बहुतेक लेख एकाच साच्यातले असतात. सादेक हेदायतची ‘बूफ-ए-कूर’ घ्यायची, पूर्वार्धातली अप्सरेसारखी तरुणी आणि उत्तरार्धातली स्वैर बायको समोरासमोर उभ्या करायच्या, दोघी एकच असल्याचे दाखवायचे, देरिदाचा हवाला द्यायचा, झाला लेख! पण हे काम कादंबरीनेच उघडउघड करून ठेवले आहे. मग समीक्षकाने केले काय?

खरा पेच दुसरीकडे आहे. १९३६मध्ये हेदायत मुंबईत आला आणि बहरामगोर अंकलेसरिया यांच्याकडे पहलवी शिकला. इस्लामपूर्व इराणची त्याला विलक्षण ओढ. अस्सल मूळ शोधायलाच तो पारशांच्या या शहरात आला म्हणा ना. याच मुक्कामात त्याने कादंबरीच्या हस्तलिखिताच्या जेमतेम पन्नासेक चक्रमुद्रित प्रती काढल्या, इराणमध्ये विक्रीस मनाई असा शेरा मारून. आणि या कादंबरीत मुळाचे काय होते? कथकाची आई बुगाम दासी ही काशीच्या मंदिरातली नर्तकी. बाप आणि चुलता हुबेहूब जुळे, दोघेही तिच्यात गुंतलेले. नागासह अंधाऱ्या खोलीत राहून जो वाचेल, त्याची ती. एकजण बाहेर येतो, केस पांढरे झालेले, भान हरपलेले. तो बाप की चुलता, हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय ही हकिकत दाईच्या तोंडची, अनेकींपैकी एक. वंशशुद्धीच्या स्वप्नाला सुरुंग लागतो तो इथे, आणि लावतो खुद्द ते स्वप्न पाहणारा लेखक. वाचायचे ते हे.

हेदायतपाशीच थांबायचेही कारण नाही. हूशंग गोल्शिरीच्या १९६९च्या ‘शाज्देह एहतेजाब’मध्ये काजार घराण्याचा खंगलेला वारस मोलकरीण फख्रीला मृत पत्नी फख्रुन्निसाचे कपडे घालून तिच्यासारखे वागायला लावतो. फख्रीच्या मनातले निवेदन कुठे संपते आणि फख्रुन्निसाचे कुठे सुरू होते, हे वाक्यावाक्याला तपासावे लागते. त्यावर आमच्याकडे अजून एकही लेख आलेला नाही.

तेव्हा लेखकांना विनंती: एकच प्रसंग निवडा, शक्यतो फारसीतून वाचा, नाहीतर निदान दोन भाषांतरे शेजारी ठेवा. देरिदाची ओळख करून देणारी पाने वगळलीत तरी चालेल. आमच्या वाचकांना तो ठाऊक आहे.