कंबरेचा घसारा

अमेरिकेत हिरवळ कापणे हा पुष्कळांचा पोटाचा धंदा आहे, आणि त्या धंद्याचे हत्यार म्हणजे 'झीरो-टर्न' यंत्र. याला स्टिअरिंग नाही, दोन दांडे असतात. एकेक दांडा मागच्या एकेका चाकाचा हायड्रॉलिक पंप चालवतो. एक पुढे, दुसरा मागे ओढला की यंत्र जागच्या जागी गिरकी घेते. ही युक्ती १९६०च्या दशकात कॅन्ससमध्ये जन्मली.

मुलीकडे गेलो की मी ही यंत्रे न्याहाळतो. ट्रॅक्टरची कर्जप्रकरणे तपासलेल्या माणसाची खोड, दुसरे काय! माहितीपत्रकात अश्वशक्तीचे आकडे ठळक असतात. माझ्या मते ते शेवटी वाचावेत. आधी पात्यांवरचे कवच पाहावे: साच्यात दाबलेल्या पत्र्याचे, की जाड पोलाद वेल्ड केलेले? पंप आणि मोटर वेगवेगळे सुटतात, की सगळा एकच बंद डबा? मुख्य म्हणजे, सुटे भाग देणारा विक्रेता किती मैलांवर? कर्ज मंजूर करताना मी हाच प्रश्न पहिल्यांदा विचारत असे.

आरामदायी आसनाला मात्र लोक चैन समजतात. इथे माझा आक्षेप आहे. दिवसभर त्यावर बसणारा, पुष्कळदा मेक्सिकोहून आलेला मजूर खाचखळग्यांचे हादरे मणक्यात जिरवत असतो. फेरिस कंपनीने चाकांनाच स्प्रिंगा दिल्या, इतर अनेकांनी आसनाला. मालक यंत्राचा घसारा धरतो, मजुराच्या कंबरेचा कोण धरणार? किमतीत थोडाच फरक असेल तर मी स्प्रिंगवाल्यालाच मंजुरी देईन. आणि उतारावर यंत्र उलटू शकते, तेव्हा डोक्यामागची कमान उभीच ठेवावी आणि पट्टा बांधावा.