शिस्तीचं काय घेऊन बसलात!

परदेशात मुलांकडे आलेल्या मराठी आईबापांचं एक ठरलेलं वाक्य असतं. ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही.’ सिग्नलला गाडी थांबली की हे वाक्य, दुकानात रांग दिसली की हे वाक्य. गेल्या जुलैत एका रविवारी आम्ही सगळे टोरांटो आयलंडला गेलो, तेव्हा बाबांनी ते दिवसभरात चार वेळा म्हटलं आणि संध्याकाळी फोटोंसकट फॅमिली ग्रुपवरही टाकलं. खाली अकरा अंगठे आले. हा लेख त्या अकरा अंगठ्यांसाठी आहे असं समजा.

जागा सुंदर आहे, यात वादच नाही. टोरांटो शहराच्या समोर, ओंटारियो सरोवरात बेटांची एक साखळी आहे. खरं तर तो जमिनीला चिकटलेला वाळूचा दांडा होता. 1858 सालच्या वादळाने तो तोडला आणि त्याचं बेट झालं. शहरातून फेरीबोटीने पंधरा मिनिटांत पोचता येतं. आमची बोट होती ‘सॅम मॅकब्राइड’, 1939 सालची, म्हणजे बाबांपेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठी. बेटावर खासगी गाड्यांना परवानगी नाही. सायकली, चार जणांनी मिळून मारायच्या पायडलच्या गाड्या, नाहीतर आपले पाय. ताईच्या सहा वर्षांच्या मुलाला आईने दिवसभरात एकदाही ‘गाडी येतेय, बाजूला हो’ म्हणून ओढलं नाही. सेंटर आयलंडवरच्या झाडाखाली चादर टाकून आम्ही थालीपीठ आणि दही खाल्लं, आई दहा मिनिटं डुलकी काढून उठली आणि कुणीही आम्हाला उठवायला आलं नाही.

आता शिस्तीकडे येऊ. परतीच्या बोटीसाठी जी गर्दी उसळली होती ती पाहून दादरला सहा वाजून दहा मिनिटांची लोकल आठवावी. लोक घुसत होते, बाबागाड्या पुढे सारत होते, एका काकांनी तर सरळ साखळी ओलांडली. कचऱ्याचे डबे भरून वाहत होते आणि शेजारी बिअरचे डबे पडले होते. गवतात कॅनडा गूज नावाच्या बदकांच्या थोरल्या भावंडांनी जे काही करून ठेवलं होतं, त्यावर न बोललेलं बरं. बाबांच्या फोटोंत यातलं काही आलं नाही. कॅमेरा तिकडे वळलाच नाही.

आणि ही गर्दी होती कुणाची? टोरांटोत राहणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक कॅनडाबाहेर जन्मलेले आहेत. आमच्या डाव्या बाजूला पंजाबी कुटुंब होतं, उजवीकडे फिलिपिनो, मागे कुणीतरी गुजरातीत पत्ते कुटत होते. आपलेच लोक, हो. ज्यांना शिस्त नाही ते. पण ते लघवीला भिंतीकडे गेले नाहीत, कारण जवळ स्वच्छतागृह होतं, फुकट होतं आणि उघडं होतं. त्यांनी पाण्याच्या बाटल्या विकत घेऊन फेकल्या नाहीत, कारण प्यायच्या पाण्याचे नळ होते. विमानात बसल्यावर कुणाचा स्वभाव बदलत नाही. मी सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या धंद्यात लोक चुकीचं बटण दाबत राहिले तर आम्ही त्यांना शिस्त लावत नाही, बटणाची जागा बदलतो. निदान बदलायला हवी.

शिस्तीची ही गोष्ट मला नुसती चुकीची वाटत नाही, ती सोयीची वाटते. एकदा दोष लोकांच्या रक्तात आहे म्हटलं की नगरसेवकाला, आयुक्ताला, बिल्डरला काही विचारायची गरज उरत नाही. बाबांनी चौतीस वर्षं सरकारी खात्यात काढली. जीआर निघाल्याशिवाय टेबलाची जागासुद्धा हलत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत! पण बेट पाहताना ते हे विसरले आणि त्यांना दिसली फक्त गोऱ्यांची संस्कृती.

ही बाग आकाशातून पडलेली नाही. 1950च्या दशकात या बेटांवर शेकडो घरं होती. दुकानं, हॉटेलं, नांदती वस्ती होती. 1956 साली तिथल्या महानगर सरकारने बेटांचा ताबा घेतला आणि बाग करण्यासाठी घरं पाडायला सुरुवात केली. त्या वेळचे उद्यानप्रमुख टॉमी थॉम्पसन एका पाटीसाठी प्रसिद्ध आहेत: ‘कृपया गवतावर चाला’. पुण्यात वाढलेल्या माणसाला ही पाटी समजायला दोन मिनिटं लागतात. आपल्या बागेत ‘हिरवळीवर बसू नये, खेळू नये, खाद्यपदार्थ आणू नयेत’ एवढं वाचून संपेपर्यंत बाग दुपारची बंद व्हायची वेळ होते. पण त्याच थॉम्पसनच्या काळात, त्याच गवतासाठी, लोकांच्या डोक्यावरची छपरंही गेली. दोन्ही खरं आहे.

सगळी मात्र गेली नाहीत. पूर्वेकडच्या वॉर्ड्स आणि अल्गोंक्विन बेटांवरचे लोक हललेच नाहीत. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या, सभा घेतल्या, आणि 1980च्या जुलैत घरं रिकामी करून घ्यायला अधिकारी आले तेव्हा पुलावर उभं राहून त्यांना परत पाठवलं. 1993 साली कायदा झाला आणि 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर ती वस्ती टिकली. आज तिथे अडीचशेच्या वर घरं आहेत. आई एका घराच्या कुंपणाशी थांबून घरमालकिणीच्या टोमॅटोंचं कौतुक करत होती. ‘किती निवांत आहेत गं बाई हे लोक,’ म्हणाली. निवांत? एवढी भांडखोर आळी अख्ख्या टोरांटोत क्वचितच असेल! या शिस्तप्रिय देशातली ही घरं सरकारचा आदेश न पाळल्यामुळे उभी आहेत.

बेटाच्या पश्चिम टोकाला छोटा विमानतळ आहे. तिथे पूल बांधायचं ठरलं होतं. 2003च्या महापौरपदाच्या निवडणुकीत डेव्हिड मिलर यांनी तो पूल होऊ देणार नाही हाच मुद्दा केला, ते निवडून आले आणि पूल रद्द झाला. एका पुलावर निवडणूक! आपल्याकडे उमेदवाराला बागेबद्दल प्रश्न विचारला तर तो बाकड्यावर स्वतःचं नाव लिहून देतो.

याच्याही मागे एक गोष्ट आहे. ताई राहते त्या गावाचं नाव मिसिसागा. हे नाव ज्यांचं, त्या मिसिसागा लोकांची ही सगळी जमीन. 1805 साली इंग्रजांनी टोरांटोच्या अडीच लाख एकरांचा व्यवहार दहा शिलिंगांत पक्का केला. त्यावरचा दावा मिटायला 2010 साल उजाडलं, साडेचौदा कोटी डॉलर देऊन. ज्यांच्या शिस्तीचे आपण गोडवे गातो, त्यांचा हा हिशेब. ताईला हे सांगितलं तर म्हणाली, ‘अरे, सुट्टीच्या दिवशी तरी…’ बरोबर आहे तिचं. पण ती त्या गावात सात वर्षं राहतेय.

माझं भांडण तुलना करण्याशी नाही. जरूर करा, पण नीट करा. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सची 120 एकर जमीन बागेसाठी महापालिकेकडे आली आहे. ग्रुपवरच्या अकरा जणांपैकी पाच मुंबईत राहतात. तिथे काय होणार, खाली पार्किंग की वर क्लब, गेटवर तिकीट असणार का, दुपारी आत बसता येणार का, मुतारी किती, नळ किती? या प्रश्नांवर ग्रुपमध्ये आजवर एकही अंगठा आलेला नाही. टोरांटोचे फोटो आले की मात्र सगळे जागे होतात.

आणि टोरांटोलाही शिस्तीने वाचवलेलं नाही. बेटापासून पश्चिमेला, त्याच किनाऱ्यावर, ओंटारियो प्लेस नावाची 1971 साली उघडलेली सार्वजनिक जागा आहे. प्रांतिक सरकारने तिथला एक भाग स्पा बांधण्यासाठी एका परदेशी कंपनीला 95 वर्षांच्या करारावर दिला. 2023 साली या प्रकल्पाला पर्यावरणाच्या तपासणीतून सूट देणारा कायदा केला. 2024च्या ऑक्टोबरमध्ये तिथली शेकडो झाडं कापली गेली. आंदोलनं झाली, लोक कोर्टात गेले, तरीही कापली. बोटीतून परत येताना मी बाबांना हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘म्हणजे इथेही तेच?’

हो बाबा, इथेही तेच. फक्त मागच्या वेळी काही लोक पुलावरून हलले नव्हते. रेसकोर्सच्या आराखड्यावर हरकत लिहायची वेळ आली तर मसुदा मी करून देतो, सही तुमची आणि त्या अकरा जणांची.