वाटाड्याचा शब्द

१६७९ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी जालन्याची पेठ लुटली आणि परतीच्या वाटेवर मोगली फौजेने त्यांना गाठलं. लढाई तुंबळ झाली, सिधोजी निंबाळकरांसारखा सरदार पडला आणि मागून आणखी फौज येते आहे अशी खबर लागली. अशा वेळी हेरखात्याचा प्रमुख बहिर्जी नाईक पुढे झाला. रुळलेला रस्ता सोडून त्याने आडवाटेने सगळ्यांना काढलं आणि तीन दिवस, तीन रात्री चालवून पट्टा किल्ल्याच्या पायथ्याशी सुखरूप आणलं. पट्टा म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातला, उत्तर सीमेवरचा डोंगरी किल्ला. महाराजांनी तिथे विसावा घेतला म्हणून त्याचं नाव विश्रामगड पडलं. कृष्णाजी अनंत सभासदाने बखरीत हा प्रसंग नोंदवला आणि वाट काढणाऱ्याचं नावही नोंदवलं.

हे नाव नोंदवलं जाणं किती दुर्मीळ आहे, हे अकोल्याच्या डोंगराचा पुढचा-मागचा इतिहास चाळला की कळतं. कळसूबाई, रतनगड, कात्राबाई, हरिश्चंद्रगड ही सगळी राकट रांग शतकानुशतकं माणसांनी चढली-उतरली. चढून गेलेल्यांची नावं राहिली. पुढे चालणाऱ्याचं नाव मात्र बहुतेक वेळा कागदावर आलंच नाही.

हरिश्चंद्रगड घ्या. चौदाव्या शतकाच्या आरंभी चांगदेवांनी इथल्या गुहेत तप केलं आणि ‘तत्त्वसार’ ग्रंथ रचला, अशी परंपरा आहे. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, केदारेश्वराच्या लेण्यातली कंबरभर गार पाण्यातली पिंड, कातळात खोदलेली टाकी हे सगळं पाहताना कोरणाऱ्यांचं कौतुक वाटतंच. पण पावसाळ्याचे चार महिने गडावर राहणाऱ्या तपस्व्याला धान्य, मीठ, सरपण कोण पोचवत असेल? पाचनई, खिरेश्वर, पेठेची वाडी या गावांतली माणसंच ना? तो चढ त्यांच्या पायांखालचा होता. ग्रंथ राहिला, शिलालेख राहिले, त्या पावलांची नोंद कुठे नाही.

पुढचा दाखला कंपनीच्या अमदानीतला आहे. कर्नल साईक्स हा दख्खनची आकडेवारी गोळा करणारा अधिकारी. हरिश्चंद्रगडाच्याच कोकणकड्याच्या टोकाशी तो उभा असताना सूर्य पाठीशी होता आणि खाली कोकणातून धुकं वर येत होतं. समोर त्या धुक्यात त्याला पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसलं. आपण त्याला इंद्रवज्र म्हणतो. १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने याचं वर्णन छापलं आणि त्यात एक तपशील आवर्जून दिला. त्या वर्तुळाच्या मधोमध त्याची स्वतःची, त्याच्या घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली स्पष्ट उमटली होती. ती माणसं कोण, कुठल्या वाडीची, कोणत्या वाटेने त्यांनी साहेबाला वर नेलं, याबद्दल अवाक्षर नाही. विज्ञानाच्या इतिहासात या वर्णनाला जागा मिळाली, आणि ती मिळायलाच हवी. पण ज्यांच्यामुळे साहेब त्या टोकापर्यंत पोचला, त्यांची सावलीच तेवढी शिल्लक राहिली.

याच काळात, याच डोंगरात वाटेच्या ज्ञानाची दुसरी बाजूही दिसली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या अनेक किल्ल्यांचे पायऱ्यांचे मार्ग सुरुंग लावून उडवले. गड ओस पडले, पण डोंगर ओस पडला नाही. महादेव कोळ्यांच्या हक्कांवर गदा आली, सावकारी पाश आवळले आणि रामजी भांगरे, पुढे त्यांचा मुलगा राघोजी यांनी बंड केलं. देवगावचा राघोजी कंपनीच्या शिपायांना वर्षानुवर्षं हुलकावण्या देत राहिला. शिपायांपाशी बंदुका होत्या, नकाशेही होते. कुठली नाळ कुठे उतरते आणि भर उन्हाळ्यात पाणी कुठल्या कपारीत टिकतं, हे मात्र त्या नकाशांत नव्हतं. अखेर राघोजी सापडला तो डोंगरात नव्हे, पंढरपुरात. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं गेलं. आणि दहा वर्षं होतात न होतात तोच १८५७ च्या धामधुमीत सरकारने नटॉल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली महादेव कोळ्यांचीच पलटण उभी केली, कारण डोंगरात त्यांच्यासारखं चालणारं दुसरं कोणी नव्हतं. गरज सरताच १८६१ मध्ये ती मोडून टाकली.

गरज पडली की डोंगरातल्या माणसाला पुढे घालायचं आणि काम झालं की विसरायचं, ही रीत तिथून आजपर्यंत चालत आली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कळसूबाईच्या शिखराकडे जाणाऱ्या प्रत्येकाने तिथली दंतकथा याच नजरेने ऐकावी. कळसू ही कोळ्याची पोर. घरकामाला राहताना तिने अट घातली होती, की ठरलेली कामं सोडून दुसरं काही करणार नाही. एके दिवशी मालकाने शब्द मोडला आणि नको ते काम तिच्यावर लादलं. ती उठली, डोंगर चढून गेली आणि परत आली नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच, १,६४६ मीटरचं शिखर एका कामकरी मुलीच्या नावाने ओळखलं जातं आणि तिच्या कथेचा गाभा आहे तो कामाच्या अटी मोडल्या म्हणून निघून जाण्याचा. नवरात्रात बारी गावातून हजारो माणसं नवस-सायास करत तिच्या देवळापर्यंत जातात. आता अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आणि कठडे आहेत, त्यामुळे म्हातारीकोतारीही चढतात.

शहरी माणसाचं डोंगर चढणं हे त्या मानाने कालचं. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, रस्ते आले. पुढच्या दशकांत मुंबई-पुण्याच्या गिर्यारोहण संस्थांनी सह्याद्रीची ही रांग पिंजून काढली. १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. हौशी भटक्यांच्या त्या पिढीबद्दल मला आदर आहे. त्यांनी गावात मुक्काम केले, गावकऱ्यांना नावाने ओळखलं, कित्येक वाटा त्यांच्याकडून शिकून घेतल्या.

रतनवाडीतून निघून रतनगड, मग कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगडावर तारामतीचं शिखर ही तीन-चार दिवसांची वाट चालली, म्हणजे वाटाड्या काय करतो ते जवळून दिसतं. अमृतेश्वराच्या देवळामागून रान सुरू होतं. रतनगडाच्या शिड्या चढून नेढ्यात बसेपर्यंत सगळं सरळ असतं, कारण वाट मळलेली आहे. कसोटी लागते ती कात्राबाईच्या जंगलात. कारवीचं रान डोक्याच्या वर गेलेलं. एकाच जागेतून तीन-तीन वाटा फुटतात आणि तिन्ही सारख्याच रुळलेल्या दिसतात. त्यांतल्या दोन ढोरवाटा, पाण्यावर नाहीतर चरणीवर जाऊन संपणाऱ्या. कुमशेतचा माणूस तिथे क्षणभर थांबतो, शेणाकडे बघतो, कारवीच्या खोडांवरचे कोयत्याचे जुने घाव बघतो. मोळीला गेलेल्या बाईने तोडलेली काटकी आणि गुराने मोडलेली काटकी यांतला फरक त्याला लांबूनही कळतो. मग तो काही न बोलता एक वाट धरतो. पाठीमागच्या माणसाला हे थांबणं दिसतही नाही. पावसाळ्यात तोच ओढ्याच्या पाण्याचा रंग बघतो. पाणी गढूळ झालं, की वर डोंगरावर जोराचा पाऊस झाला आहे हे ओळखून तो सगळ्यांना अलीकडेच रोखतो, मग डोक्यावर ऊन का पडलेलं असेना.

त्याच्या या थांबण्यालाच आज किंमत उरलेली नाही. शनिवार-रविवार शहरांतून बसच्या बस येतात. पैसे आधीच भरलेले असतात, शिखर ‘झालंच’ पाहिजे असतं. पुढे शहरातला ‘ट्रेक लीडर’ असतो आणि गावातला माणूस जेवण आणि तंबू यांच्यापुरता. धुकं दाटलं, वर जाऊ नका असं तो म्हणाला, तरी निर्णय त्याचा नसतो. हरिश्चंद्रगडाच्या धुक्यात वाट चुकून माणसं गारठून दगावली आहेत, नाळेत रात्रभर अडकून पडली आहेत. मग त्याच पाचनईच्या नाहीतर खिरेश्वरच्या पोरांना मध्यरात्री दोर आणि विजेऱ्या घेऊन वर जावं लागतं. सकाळी ज्याचं ऐकलं नाही, त्यालाच रात्री हाका.

हे दुखणं आपल्यापुरतं नाही. १८२० मध्ये हामेल नावाचा एक निसर्गशास्त्रज्ञ माँ ब्लाँवर निघाला. हवा बरी नाही, असं शामोनीच्या वाटाड्यांचं म्हणणं होतं. तरीही चढाई पुढे रेटली गेली, हिमकडा कोसळला आणि तीन वाटाडे गेले. पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीत वाटाड्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. पाळी कुणाची, मजुरी किती, अपघात झाला तर घरच्यांना काय, हे तिथे ठरू लागलं. ती संघटना आजही आहे. एव्हरेस्टवर मात्र एवढी शहाणीव यायला फार उशीर लागला. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात १६ नेपाळी कामगार गाडले गेले, त्यांतले बहुतेक शेर्पा. त्यानंतर त्यांच्या साथीदारांनी काम बंद केलं आणि नेपाळच्या बाजूने त्या वर्षीचा हंगामच थांबला.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षित माणसं, साधनांची तपासणी हे त्यातलं सगळं आवश्यकच आहे. पण धोरणाची नजर आयोजकावर आहे आणि आयोजक बहुधा शहरात बसतो. डोंगराखालच्या गावाकडे फार तर न्याहारी-निवास देणारं गाव म्हणून पाहिलं जातं. प्रमाणपत्राच्या कागदाला किंमत येते आणि कुमशेतच्या माणसाचं जन्मभराचं रान कागदावर नाही म्हणून बिनमोल ठरतं. दोर बांधणं, प्रथमोपचार, बिनतारी संच वापरणं हे त्याला महिनाभरात शिकवता येईल. त्याला येतं ते शहरातल्याला महिनाभरात शिकवता येणार नाही.

अकोल्याचा हा पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभांना अधिकार दिले आहेत, २००६ च्या वनहक्क कायद्याने वनावरचे हक्क मान्य केले आहेत. तेव्हा सुरुवात ग्रामसभेपासूनच व्हावी. बारी, रतनवाडी, साम्रद, कुमशेत, पाचनई या प्रत्येक गावाने आपल्या वाटाड्यांची यादी करावी, त्यात बायकांचीही नावं असावीत, कारण जळणासाठी रोज रानात जाणाऱ्या बाईइतकी वाट कुणाला ठाऊक? दिवसाची मजुरी ग्रामसभेने ठरवावी आणि फलकावर लिहावी. विम्याचा हप्ता आयोजकाने भरावा. अमुक माणसांमागे एक गावचा वाटाड्या, याशिवाय तुकडी वर जाऊ नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, हवामान पाहून तो नाही म्हणाला तर तो नकार आयोजकाला, वनखात्याला आणि पैसे भरून आलेल्या पाहुण्यालाही बंधनकारक असावा. नकाराच्या दिवसाची मजुरीही त्याला पूर्ण मिळावी, म्हणजे पोटासाठी त्याला हो म्हणावं लागणार नाही.

आयोजकांचा आक्षेप ठाऊक आहे. गावं मनमानी करतील, पाहुणे दुसऱ्या डोंगराकडे वळतील, असं ते म्हणतात. वळू देत थोडे. एका रात्री कोकणकड्यावर शेकडो तंबू लागतात, टाक्यांत साबण आणि खरकटं जातं, एवढी गर्दी त्या डोंगराला पेलत नाही. मनमानीची भीती खरी असेल तर दर आणि नियम वनखातं, ग्रामसभा आणि गिर्यारोहण संस्था यांनी एकत्र बसून ठरवावेत. जुन्या संस्थांनी यात पुढाकार घ्यावा, कारण या वाटा त्यांना कुणी दाखवल्या हे त्या विसरलेल्या नाहीत. त्यांच्या जुन्या मोहीम-वह्यांमध्ये गावकऱ्यांची नावं असतील तर तीही आता छापून बाहेर यावीत. यंदाच्या पावसाळ्याआधी निदान पाचनईत ही व्यवस्था सुरू करून पाहता येईल. गडावर जाणारे बरेचसे लोक त्याच गावातून चढतात आणि हाकेला धावून जाणारी पोरंही त्याच गावची आहेत.