पैसा पोहोचला, खाला अडकल्या



पावसाळा तोंडावर आला की आमच्या घरात एक गोष्ट हमखास निघते. जुलै २०१८ ची. वसई-विरारमध्ये राहणाऱ्यांना तो आठवडा वेगळा सांगायला नको. रविवारपासून पाऊस लागला तो थांबेचना. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, मिठागरांत शेकडो माणसे अडकली आणि एनडीआरएफच्या बोटी आल्या. वीज गेली ती कित्येक वस्त्यांत दोन-तीन दिवस आलीच नाही.

आमच्या खाला तेव्हा डायलिसिसवर होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्याचे तीन दिवस ठरलेले. पहाटेची लोकल धरून अंधेरीला जायचे आणि दुपारी परतायचे. त्या आठवड्यात सोमवार चुकला. बुधवारीही गल्लीत कमरेएवढे पाणी होते. खालांचे पाय सुजले, मग चेहरा सुजला. बुधवारी रात्री त्यांना आडवे झाले की श्वास लागू लागला, म्हणून रात्रभर भिंतीला टेकून बसवले.

त्यांचा मुलगा कुवेतला नोकरीला. खबर मिळताच त्याने त्याच रात्री पन्नास हजार रुपये पाठवले. पैसे आमच्या खात्यात एका मिनिटात आले. पण एटीएम बंद होते, मोबाईलची बॅटरी संपत आली होती आणि त्या पन्नास हजारांत पाणी कमी करणारे काहीच विकत मिळत नव्हते. अखेर गुरुवारी सकाळी मोहल्ल्यातल्या मुलांनी एक डंपर गाठला. खालांना खुर्चीसकट उचलून त्यात बसवले, हायवेपर्यंत नेले आणि तिथून पुढे टॅक्सी केली. कुवेतहून वसईला पैसा एका मिनिटात आला. वसईहून अंधेरीला खाला तीन दिवस उशिरा पोहोचल्या.

अल्लाहच्या कृपेने त्या वेळी त्या वाचल्या.

ही घरची गोष्ट सदरात आणण्याचे कारण असे. हवामान बदलासाठी एका देशाकडून दुसऱ्या देशाकडे जाणाऱ्या पैशाच्या बातम्या आपण हल्ली सारख्या वाचतो. आकडे एवढे मोठे असतात की आपण पान उलटतो. पण हा व्यवहार खालांच्या गोष्टीसारखाच आहे. पैसा कधी येतो, कोणत्या रूपात येतो आणि कशावर खर्च होतो, एवढे तीन प्रश्न विचारले की तो कोणालाही समजतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. धूर सोडून श्रीमंत झालेले देश वेगळे आणि पाण्यात बुडणारे देश वेगळे. म्हणून २००९ साली कोपनहेगनच्या परिषदेत श्रीमंत देशांनी कबूल केले की २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. तो आकडा गाठायला २०२२ साल उजाडले. २०२४ साली बाकू येथे नवे वचन मिळाले : २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर. दरम्यान दक्षिण कोरियातील सोंगडो येथे हरित हवामान निधीचे कार्यालय उभे राहिले. २०२२ साली इजिप्तमधील शर्म अल-शेखच्या परिषदेत झालेल्या नुकसानीसाठी वेगळा निधी मान्य झाला आणि पुढच्या वर्षी दुबईत त्याला चालना मिळाली.

आता तीन प्रश्नांपैकी रूपाचा प्रश्न आधी घेऊ. आपल्या घरांत कर्ज आणि इमदाद यांतला फरक लहान मुलालाही माहीत असतो. जगाच्या हिशेबात मात्र दोन्ही एकाच वहीत लिहितात. २०२२ साली श्रीमंत देशांनी जो सरकारी पैसा दिला, त्यातला दोन तृतीयांशाहून अधिक भाग कर्जाचा होता. म्हणजे ज्याने धूर केला त्याने छत्री उसनी दिली, आणि भिजणाऱ्याने ती फेडायची.

परदेशी कर्ज आपल्याला नवे नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन आपल्या जिल्ह्यातून जाते; विरार आणि बोईसर ही तिची दोन स्थानके. २०१७ मध्ये या प्रकल्पाचा पाया घातला गेला, तेव्हा जपानने सुमारे ८८ हजार कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले : व्याज ०.१ टक्के आणि फेड ५० वर्षांत. ट्रेन हवी की नको, हा आजचा विषय नाही. एवढेच लक्षात घ्यावे की दोन सरकारांनी मनावर घेतले तर सीमेपलीकडचा पैसा विरारपर्यंत येऊ शकतो, तोही पन्नास वर्षांचा विचार करून. मग दवाखान्यापर्यंत जाणाऱ्या रस्त्यासाठी तसा विचार का होऊ नये?

हवामानासाठी काहीच आले नाही, असेही नाही. हरित हवामान निधीने २०१८ साली भारताच्या किनाऱ्यासाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले. आंध्र प्रदेश, ओडिशा आणि महाराष्ट्र या तीन राज्यांत त्यातून कांदळवने जपणे, खेकडापालनासारखे रोजगार उभे करणे अशी कामे ठरली. हे कर्ज नव्हते, अनुदान होते. जागतिक बँकेच्या कर्जातून राष्ट्रीय चक्रीवादळ धोके निवारण प्रकल्प झाला. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. खारबंधारे, निवारे, जमिनीखालून वीजवाहिन्या अशी त्यातली कामे. २०१८ चे अंधारातले दिवस ज्यांना आठवतात, त्यांना जमिनीखालच्या तारेची किंमत सांगावी लागणार नाही.

पण या साऱ्या यादीत आजारी माणूस कुठे आहे? बंधारा, तिवर, तार यांची नावे दिसतात. डायलिसिसचा दिवस चुकलेली बाई दिसत नाही. हवामान परिषदांमध्ये आरोग्यासाठी स्वतंत्र दिवस प्रथम ठेवला गेला तो थेट दुबईत, ३ डिसेंबर २०२३ रोजी. इकडे आपल्या सरकारच्या योजनाही आहेत. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. त्या उपचाराचे पैसे भरतात आणि त्यांचे मोल मोठे आहे. मात्र उपचार आहे आणि रस्ता पाण्यात आहे, अशा दिवसाचे काय, हे एका खात्याला आरोग्याचे काम वाटत नाही आणि दुसऱ्याला पुराचे.

उरला वेळेचा प्रश्न, आणि आमच्या मते तोच सर्वांत मोठा. पूर आला की आपला समाज मागे राहत नाही. मशिदीत चंदा होतो, डेगा चढतात, चादरी वाटल्या जातात, कोणाचे घर कोणत्या धर्माचे हे विचारले जात नाही. या गोष्टीचा आम्हाला अभिमान आहे. पण चंदा नंतरचा असतो. आपल्याच परंपरेत आधीचा पैसाही आहे. त्याला वक्फ म्हणतात. १२८४ साली सुलतान कलावून यांनी कैरोत मोठा बीमारिस्तान बांधला. त्याचा खर्च दर वेळी वर्गणीवर सोडला नाही. मिळकतींचे उत्पन्न कायमचे त्याच्या नावे लावून दिले, आणि तिथला किंवा परदेशी, श्रीमंत किंवा गरीब, कोणीही आला तरी उपचार मिळेल असे लिहून ठेवले. आजार येण्याआधी खाटेची सोय झालेली होती.

जगाच्या हवामान निधीकडून आपल्याला हेच हवे आहे : पुरानंतरची चादर नव्हे, पुराआधीची तजवीज. वसईपुरते ती कशी दिसेल? २०१८ च्या पुरानंतर नीरी आणि आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांच्या समितीने इथल्या पाण्याचा अभ्यास केला आणि पावसाचे पाणी साठवणारे धारण तलाव सुचवले. आपला भाग सखल आहे. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, आणि भरतीच्या वेळी नाल्यांतले पाणी बाहेर पडायला वाटच नसते. ते कुठेतरी थांबले पाहिजे; तलावात नाही थांबले तर घरात थांबते. त्याच्या जोडीला हवेत उंचावर जनित्र असलेले दवाखाने, वस्तीजवळ डायलिसिसची सोय, आणि कोणत्या रुग्णाला आधी बाहेर काढायचे याची तयार यादी.

कोणी म्हणेल, सोंगडोचा पैसा आमच्या गल्लीत कधी येणार? खरे सांगायचे तर तो थेट गल्लीत येतच नाही. तो मंत्रालये आणि नाबार्डसारख्या मान्यताप्राप्त संस्थांमार्फत येतो, आणि त्यासाठी प्रस्ताव लागतो. प्रस्तावाला माहिती लागते : कुठे, किती पाणी, किती तास, कोण अडकले. ही माहिती दिल्लीत नाही. ती आपल्याकडे आहे, फक्त लिहिलेली नाही.

गेल्या पावसाळ्यात आम्ही नववीच्या वर्गाला एक वही दिली. ज्या दिवशी पाणी भरेल त्या दिवशी नोंद करायची. एका मुलीने लिहिले : "सकाळी सात ते दुपारी तीन, गुडघ्यापर्यंत. शेजारच्या आजोबांचे इन्सुलिन फ्रिजमध्ये होते, वीज नव्हती. अम्मीने ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवले." दोन ओळींत हवामानही आले आणि आरोग्यही. मोठ्या अहवालात हीच गोष्ट शोधावी लागते.

म्हणून एक विनंती. येत्या जुम्म्याला नमाजनंतर, किंवा सोसायटीच्या बैठकीत, अशी एक वही सुरू करा. गल्लीचे नाव, पाण्याची उंची आणि तास लिहा. डायलिसिसला जाणारे, गरोदर, ऑक्सिजनवर असलेले, इन्सुलिन घेणारे अशांची संख्या लिहा. नावे मात्र जाहीर करू नका, ती एका विश्वासू माणसाकडे राहू द्या. शेजारची हिंदू, ख्रिस्ती, कोळी, आदिवासी घरे वगळू नका. पाणी मोहल्ला विचारून शिरत नाही. त्याची एक प्रत महापालिकेला द्या आणि पोच घ्या. परदेशचा निधी आला नाही, तरी बोट कोणत्या दाराशी आधी न्यायची हे त्या कागदावरून कळेल. आणि ज्यांची मुले आखातात आहेत, त्यांनी मुलांना सांगावे : पुढच्या वेळी पुराची वाट पाहू नका. तुमच्या पैशातून आजच मोहल्ल्यासाठी एक जनित्र किंवा एक बोट येऊ शकते.

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आम्ही खालांची गल्ली लिहिली आहे. खाला आता नाहीत. पुराच्या पुढच्या वर्षी त्या अल्लाहला प्यारी झाल्या. त्या गल्लीत आज डायलिसिसला जाणारे दोघे आहेत.