पुष्पगुच्छांनंतर

लोणारच्या पदवीधराच्या पदवीपत्रावर स्वाक्षरी असते ती संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कुलगुरूंची. प्रत्यक्षात तो त्यांना क्वचितच पाहतो. त्यांचे पदग्रहणही साधेच: राज्यपालांचा नियुक्ती-आदेश, कार्यभाराच्या कागदावर सही, पुष्पगुच्छ. परदेशातील झगे व राजदंड येथे नाहीत, हे बरेच. मुदत पाच वर्षे किंवा वयाची पासष्टी, जे आधी येईल ते, फेरनियुक्ती नाही. डॉ. दिलीप मालखेडे यांना तर तेवढीही लाभली नाही. जानेवारी २०२३ मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. ज्या गाडगेबाबांचे नाव या विद्यापीठाला आहे, ते गावात येताच आधी खराटा हाती घेत. पुष्पगुच्छ बाजूला सारल्यावर नव्या कुलगुरूंच्या मेजावर उरतात परीक्षा, निकाल, पाच जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या फायली आणि लोणारहून आलेला पुनर्मूल्यांकनाचा एखादा अर्ज.