गढी कुणाची, माती कुणाची?

वऱ्हाडातल्या देशमुखी गढ्या-वाड्यांचे सध्या कौतुक सुरू आहे. अमरावती-अकोल्याकडची पोरं पडक्या बुरुजांवर रील काढतात, खाली लिहितात ‘आपला वैभवशाली वारसा’. आपला म्हणजे नेमका कुणाचा?

गढीची रचनाच नीट वाचा. गावातली सर्वात उंच जागा, पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, कोपऱ्यांना बुरूज. मोठ्या दरवाजात लहान दिंडी, आत देवडी, मग चौक, ओसरी, माजघर, धान्याची पेवे. कोण कुठपर्यंत येणार हे या बांधणीतच ठरलेले होते. पाहुणा ओसरीवर, कूळ चौकात. महार देवडीबाहेर, जोहार घालून उभा. पण भिंतीची माती वाहायला, सरपण फोडायला, मेलेले ढोर ओढायला, रात्री वेस राखायला तोच लागायचा. मजुरी? बलुत्याचे चार दाणे, तेही मागून. देशमुख परगण्याचा वसुली वतनदार. पेवातले धान्य कुणाच्या घामाचे, हे वेगळे सांगायला नको.

बाळापूरचा विटांचा किल्ला एलिचपूरचा नवाब इस्माईल खान याने १७५७ मध्ये पूर्ण केला. त्याचे नाव राहिले. विटा भाजणाऱ्याचे कुठे आहे?

आपल्यातले काही मित्र म्हणतात, पडू द्या त्या गढ्या. मला हे पटत नाही. गढी पडली की पुरावाही पडतो, आणि उद्या हेच लोक म्हणतील, आमच्या गावात शिवाशिव नव्हतीच. देवडी उभी आहे तोवर हे खोटे बोलणे अवघड आहे.

भांडण आडनावाशी नाही, हेही स्पष्ट करतो. अंबादेवी मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून झगडणारे डॉ. पंजाबराव देशमुखच होते. त्याच प्रश्नावर १३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. भांडण वतनाशी आहे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात महार वतनाचे बिल मांडले ते उगाच नाही. आणि स्वतः घर बांधले ते दादरचे राजगृह, पुस्तकांसाठी!

तेव्हा गढीच्या दुरुस्तीला सरकारी पैसा मागितला गेला, तर ग्रामसभेत उठून एकच अट घाला: फलकावर घराण्याच्या वंशावळीसोबत वेठबिगारीचाही इतिहास लिहा. त्याआधी आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडे जा. आजोबा-पणजोबा त्या देवडीवर काय काम करत, काय मिळे, कोणत्या विहिरीचे पाणी पीत, हे गाव आणि नावासकट वहीत उतरवा. मोबाईल आहेच, आवाजही रेकॉर्ड करा. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिले ते आता मोजकेच उरलेत.

जय भीम.